तितराचं पाऊल

नानाजी डॉक्टरांच्या स्वच्छतेची चांद्यात थट्टा व्हायची. हा माणूस पंगतीला बसला तर आधी पत्रावळ उकळून आणायला सांगेल, असं त्यांचे मित्रच म्हणत. नानाजी हसत, आणि पत्रावळ धोतराच्या सोग्याने आणखी एकदा पुसून घेत. नानाजी गुंडावार म्हणजे डोळ्यांच्या कामात जिल्ह्यातला पहिल्या प्रतीचा हात. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. पण त्यांना अभिमान होता तो हाताचा नव्हे, रंगाचा.

हा रंग म्हणजे शेंदरी भुकटी. पाण्यात पडली की पाणी हिरवट पिवळं होई. त्याचा थेंब डोळ्यात सोडायचा, साध्या पाण्याने डोळा धुवायचा आणि निळ्या काचेच्या बॅटरीने पाहायचं. बुबुळ धडधाकट असलं की रंग धुऊन निघून जातो. पण धानाचं कुसळ लागून कुठे कणभर जरी खरचटलं असेल, तर तेवढ्याच जागी तो धरून राहतो आणि काजव्यासारखा हिरवा दिसतो. नुसत्या नजरेला न दिसणारी जखम रंग दाखवतो. मात्र त्यात एक खोट होती. त्याचं पाणी शिळं झालं की जंतू त्यात मजेत वाढत, आणि मग जखम दाखवणारा थेंबच डोळा घेऊन जाई. नानाजी जिथे शिकले तिथे सगळ्या वॉर्डाला मिळून एकच बाटली असायची. एका डोळ्याला टेकलेली काचनळी दुसऱ्या डोळ्यावर जायची. त्या बाटलीने नासवलेले डोळे त्यांनी पाहिले होते, आणि ते काही विसरण्यासारखे नव्हते.

म्हणून त्यांचा दंडक कडक होता. भुकटी रोज सकाळी पाण्यात उकळायची, उकळलेल्या बारक्या कुप्यांत भरायची, एका माणसाला एक कुपी, आणि उरलेलं सगळं मातीत ओतायचं. "गावाला विहीर एक चालेल, थेंब एक चालणार नाही," हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की त्यांच्याबरोबरची नर्स शकुबाई ते त्यांच्या आधीच पुरं करी. शकुबाई मूळची अहेरीची. अकाली विधवा झालेली, बोलायला फटकळ आणि हाताने अतिशय हलकी. डोळ्याला पट्टी बांधावी तर तिनेच.

सत्तावन्नच्या हिवाळ्यात त्यांचं डोळ्यांचं शिबिर इरपागुड्याला पडलं. अहेरीच्या खाली, प्राणहितेच्या काठावर हे गाव. बैलगाडीची वाट तिथेच संपते. पुढे नदीचं रुंद वाळवंट, पाण्याची निळी पट्टी आणि पलीकडे तेलुगू मुलूख. गावात धानाची मळणी चालू होती. सगळ्या हवेत तूस उडत होतं, आणि तूस उडालं की डोळे आलेच. शाळेच्या एका खोलीत नानाजींनी दवाखाना थाटला. खिडक्यांना घोंगड्या लावून भरदुपारी अंधार केला, कारण निळ्या बॅटरीला अंधार लागतो. ओसरीसमोर एक जुनी चिंच होती. तिच्या बुडाशी हातभर लांबीचे लाकडी गाडे एकावर एक पडून कुजत होते. पोरांची खेळणी असतील, असं समजून नानाजींनी तिकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. उरलेला रंग ओतायला त्यांना ती जागा बरी वाटली.

पहिला आला मुखरू, गावातला चांगला खाऊनपिऊन असलेला शेतकरी. उजवा डोळा गच्च मिटलेला आणि तोंडाने सगळ्या जगाला शिव्या.

"कुसळ गेलं का मुखरूभाऊ?"

"नाई जी. लाकूड फोडून राह्यलो होतो. ढलपी उडाली."

"कशाचं लाकूड?"

मुखरू दाराबाहेर बघत म्हणाला, "होतं असंच. वाळलं होतं."

नानाजींनी थेंब सोडला, डोळा धुतला, बॅटरी लावली. बुबुळावर, खाली नाकाच्या बाजूला, तीन बारीक हिरव्या रेघा उमटल्या होत्या. मागे एक आखूड टाच आणि मधलं बोट किंचित वाकडं. ओल्या मातीत तितर चालून गेल्यावर उमटतं, तसं अगदी नेमकं पाऊल. नानाजींना मौज वाटली. त्यांनी शकुबाईला बोलावून दाखवलं, मलम घातलं, पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी मुखरूचा डोळा साफ होता. इतक्या लवकर भरेल असं नानाजींनाही वाटलं नव्हतं, पण श्रेय घ्यायला कोणाला आवडत नाही?

त्याच दिवशी दसरू नावाचा ढीवर आला. नदीवर जाळी टाकणारा माणूस. चुलीचा धूर लागून डोळा लाल झाला होता, एवढंच. खरचटलं नसेलच, म्हणून नानाजींनी केवळ खात्रीपुरता रंग घातला. बॅटरी लावली आणि त्यांचा हात थांबला. उजव्या बुबुळावर तितराचं पाऊल होतं. मधलं बोट वाकडं. फक्त काल होतं त्यापेक्षा थोडं वर.

नानाजींनी भिंग पुसलं. निळी काच काढून पुसली. पुन्हा पाहिलं.

"काही टोचलं होतं का डोळ्याला?"

"काई नाई जी. धूर गेला फक्त."

योगायोग म्हणून एक गोष्ट असतेच. नानाजींनी मलम दिलं आणि मनाशी तसंच म्हटलं. पण पुढच्या सकाळी दसरूचा डोळा स्वच्छ निघाला, आणि मळणीवरून आलेल्या धुरपता नावाच्या बाईच्या उजव्या डोळ्यात तेच पाऊल दिसलं. आता ते आणखी वर सरकलं होतं. बुबुळाच्या कडेवरून ते मधल्या बाहुलीकडे चालत निघालं होतं.

मग मात्र नानाजी कामाला लागले. घाबरण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. दोष एक तर रंगात असेल, नाही तर काचेत, नाही तर आपल्या हातात, आणि तिन्ही धुता येतात. त्यांनी उरलेली भुकटी फेकून नवी पुडी फोडली. कुप्या स्वतः उकळल्या. शकुबाईला हातसुद्धा लावू दिला नाही, तेव्हा ती फणकारून म्हणाली, "आता पाणीच उकळा, नाई तं मलेबी घाला त्याच्यात." मुखरूला शोधून आणून त्याच बॅटरीने त्याचा डोळा पाहिला. स्वच्छ. काचेत दोष नव्हता. शेवटी त्यांनी पेटीच्या तळाशी जपून ठेवलेलं एक पाकीट वर काढलं. मुंबईच्या एका मित्राने पाठवलेली ती नवी चीज होती. रंगात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या, प्रत्येक वेगळ्या लखोट्यात बंद केलेली. ओल नाही, म्हणजे जंतू जगायला जागा नाही. बाटली नाही आणि नळीही नाही. पट्टीचं टोक पापणीच्या आत टेकवायचं आणि पट्टी फेकून द्यायची.

दुपारी बुधरी आली. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गोंडांच्या पाड्यातली बाई, वय तिशीचं. लहानपणी देवी आल्या तेव्हा तिचा डावा डोळा फुलं पडून गेला होता. उरलेला उजवा लाल होऊन गळत होता. त्या एका डोळ्याच्या जोरावर ती रानातून मोहफुलं, डिंक, चारोळी गोळा करून आणायची. घरात थकलेली सासू आणि एक लहान पोर, कमावणारी ती एकटीच.

शकुबाई दारातच आडवी आली. "डॉक्टरसाहेब, इले रंग नका घालू."

"रंग न घालता मी काय देऊ? जखम आहे की नाही ते कळल्याशिवाय औषध द्यायचं म्हणजे आंधळ्याने दगड मारायचा."

"तरीबी नका घालू."

नानाजींनी बंद लखोटा तिला दाखवला. "हे पाहा. याला अजून माणसाचा वाराही लागलेला नाही." त्यांनी हात धुतले, लखोटा फाडला, पट्टी टेकवली आणि फेकली. याहून स्वच्छ काम पृथ्वीच्या पाठीवर कोणाला करता आलं नसतं.

बॅटरी लागली. पाऊल होतं. त्याच्या मधल्या बोटाचं टोक बाहुलीच्या काठाला टेकलं होतं.

मग नानाजींनी धुरपताला निरोप धाडला. ती आली, डोळ्यातलं तूस झटकत, हसत. तिचा डोळा आरशासारखा स्वच्छ होता.

त्या दिवसापासून नानाजींनी कोणालाही रंग घातला नाही. बुधरीला शाळेच्या ओसरीवरच ठेवून घेतलं. चांगल्या डोळ्यावर पट्टी म्हणजे तिला सगळाच अंधार. ती भिंतीला टेकून बसे आणि पळसाची पानं चाचपत द्रोण लावत राही. आंधळ्या हातांनी लावलेले ते द्रोण इतके सुबक असत की नानाजी एकेक उचलून निरखत. रोज पट्टी सोडायची, मलम घालायचं, रोज तेच. जखम भरत नव्हती. तिच्या कडा दुधाळ होऊ लागल्या होत्या. बाहुलीवर फूल पडलं की बुधरी कायमची आंधळी होणार, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

आणि बाहेरची रांग आटली. कुसळ गेलेली माणसं घरीच डोळे चोळत बसली. एक म्हातारा काठी टेकत चिंचेपर्यंत आला, ओसरीवरच्या बुधरीकडे पाहिलं आणि माघारी फिरला.

"गावाले समजलं," शकुबाई म्हणाली.

"काय समजलं?"

तिने चिंचेखालच्या लाकडांकडे हनुवटी वळवली. "ते गाडे हायेत ना, मरीमायचे हायेत. गावात रोग आला का गाडा करते, त्याच्यात रोग बसवते, बांगड्या-लिंबू ठेवते अन् पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडते. तो गाव त्याच्या पुढच्या गावाले देते. रोग मरत नाई जी, पुढे जाते. इथी नदी आली. पुढे गाव नाई. मंग सारे गाडे इथीच राह्यले. याइले कोणी हात नाई लावत."

"मुखरूने लावला?"

"जाळाले लाकूड नोहतं म्हणते."

एरवी नानाजी मोठ्याने हसले असते. रोग गाडीत बसून जात नाही, असं त्यांनी शंभर सभांत सांगितलं होतं. तो कसा जातो तेही सांगितलं होतं. एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात, थेंबाच्या पाठीवर बसून. त्यांना आपलंच वाक्य आठवलं आणि त्यांनी चिंचेकडे पाहिलं. चिंचेखाली त्यांनी रोज ओतलेल्या रंगाने गाड्यांची लाकडं हिरवट पिवळी झाली होती.

"मंग पुढच्याले द्या ना," शकुबाई हळू आवाजात म्हणाली. "ज्याले दोन डोळे हायेत असा कोणी."

ओसरीवरून बुधरी बोलली. तिला ऐकू गेलं असेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. "कोणाले देता बाई? तो पुढचाबी माणूसच हाय." आणि तिने पुढचं पान उचललं.

शिबिर उठायची वेळ आली. घोंगड्या उतरल्या, पेट्या भरल्या, बैलगाड्या येऊन उभ्या राहिल्या. सकाळी पट्टी सोडली तेव्हा बाहुलीवर दुधाचं बारीक बोट सरकलं होतं. "हात दिसतो का?" नानाजींनी विचारलं. बुधरी म्हणाली, "सावली दिसते."

नानाजी खोलीत गेले. एका खिडकीला घोंगडी पुन्हा अडकवली.

"शकुबाई, बॅटरी घ्या."

त्यांनी पाकिटातून एक लखोटा काढला. हात धुतले, रोजच्यासारखेच, कोपरापर्यंत. मग पट्टीचं टोक स्वतःच्या उजव्या पापणीआड टेकवलं. जरा झोंबलं, पाणी आलं. डोळा धुऊन ते स्टुलावर बसले, मान मागे टाकली.

"पाहा."

निळा उजेड डोळ्यावर आला. शकुबाईचा श्वास त्यांना गालावर जाणवत होता. ती बराच वेळ पाहत राहिली.

"साफ हाय," ती म्हणाली आणि बॅटरी बंद केली.

मग तिने बुधरीची पट्टी सोडली. बुधरीने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. ती उठली आणि ओसरीच्या कडेला गेली. तिथून नदी दिसत होती. तिने हातातला द्रोण डोळ्याजवळ धरून त्याचा टाका निरखला आणि नापसंतीने मान हलवली. "वाकडा झाला," ती म्हणाली. नानाजी इतके खूश झाले की त्यांनी तो वाकडा द्रोण मागून घेतला. बुधरी एकटीच, कोणाचा हात न धरता, नदीकाठच्या वाटेने आपल्या पाड्याकडे निघून गेली.

दोघांचेही डोळे स्वच्छ होते. मग ते गेलं कुठे, हा प्रश्न नानाजींनी अहेरीपर्यंत मनात येऊ दिला नाही. अहेरीहून चांद्याची सर्व्हिस मोटार पकडली. सागवानाच्या रानातून पांढरा रस्ता समोरून येत होता. धुळीचा कण गेला म्हणून त्यांनी डावा डोळा चोळायला मिटला. उजव्या डोळ्यापुढे पांढऱ्या रस्त्याच्या मधोमध तीन करड्या बोटांची सावली होती. मधलं बोट वाकडं. ते जिकडे पाहत तिकडे ती जात होती.

ते म्हणाले, "शकुबाई, तुम्ही खोटं बोललात."

शकुबाईने पदर तोंडाशी धरला होता. "बुधरी तिथीच बसून होती जी. खरं सांगतली असती तं तिनं तो रोग वापस मांगला असता."

नानाजींना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. एका डोळ्याने मोतीबिंदू काढता येत नाही, म्हणजे ज्या हातासाठी जिल्हा त्यांना ओळखत होता तो हात गेला. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी त्यांना बरंही वाटत होतं. गाडा त्यांच्याशी थांबला होता. पुढे गाव नव्हतं.

चांद्याला आल्यावर त्यांनी होता नव्हता तेवढा सगळा रंग पेटीत भरला आणि पेटी दवाखान्यातल्या आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. ऑपरेशनं नव्याने आलेल्या तरुण डॉक्टरकडे सोपवली. वय झालं, म्हणाले. खरं कोणाला सांगणार? सांगून पटलं असतं कोणाला? स्वतःच्या डोळ्याला ते मलम लावत आणि सावली हळूहळू दुधाळ होताना पाहत. तिची सवयही होऊ लागली. वर्तमानपत्र डाव्या डोळ्याने वाचायचं, उजवीकडून येणारी माणसं आवाजावरून ओळखायची.

मग एके दिवशी दुपार होता होता दवाखान्याच्या आपल्या खोलीत ते चहा पीत होते. बशीत पडलेली चहाची पानं त्यांना दिसली. एक एक, सुटी सुटी. त्यांनी डावा डोळा मिटला. पानं तशीच दिसत राहिली.

त्यांनी बशी खाली ठेवली.

कपाटाचं कुलूप उघडं होतं. आतली पेटीही उघडी होती.

ते शेजारच्या खोलीत गेले. खिडक्यांना काळे पडदे होते. तरुण डॉक्टर हात धूत होता, कोपरापर्यंत, त्यांनीच शिकवलं होतं तसा.

"बाहेर रंग कुठेच सापडला नाही, सर. चावी तुमच्या टेबलावरच होती म्हणून त्या पट्ट्या घेतल्या. रागावला नाहीत ना? किती स्वच्छ काम आहे! एका माणसाला एक, अगदी तुमच्या नियमाप्रमाणे."

"किती जणांना?"

"सगळी सकाळ तेच केलं. आता संपल्या पट्ट्या."

"शेवटचा कोण होता?"

"एक लहान पोर होतं, आईच्या कडेवर. जरासं खरचटलंय त्याला, नेमकं बाहुलीवर. गंमत म्हणजे आज प्रत्येकाच्याच डोळ्यात असं पक्ष्याच्या पायासारखं दिसत होतं. मलम दिलं, उद्या या म्हटलं."

"गाव कोणतं?"

"ते राहिलंच विचारायचं. त्यांची मोटार सुटत होती."

नानाजी बाहेर आले. शकुबाई व्हरांड्यात बसून डोळ्यांवर बांधायच्या कापडी पट्ट्या गुंडाळत होती. तिने वर पाहिलं, त्यांच्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं, आणि तिच्या हातातली पट्टी सुटून फरशीवर उलगडत गेली.

रस्ता रिकामा होता. लांब, जटपुऱ्याच्या वेशीपलीकडे, मोटारीची धूळ अजून खाली बसली नव्हती. नानाजी तिकडे पाहत उभे राहिले. समोरच्या कडुनिंबाचं पान न् पान त्यांना मोजता आलं असतं, इतकं स्वच्छ दिसत होतं.